उनाइसीची माफी

खेकडा जिवंत विकायचा तर त्याच्या नांग्या अंगाशी आवळून बांधाव्या लागतात. दोरी सैल राहिली तर गिऱ्हाइकाचं बोट जातं, जास्त आवळली तर खेकडा संध्याकाळच्या आत मरतो आणि मेलेला खेकडा कोणी फुकटही नेत नाही. फिजीतल्या आमच्या लौटोकाच्या बाजारात हे काम उनाइसीइतकं नीट कोणी करत नाही. तिचे खेकडे ओल्या गोणपाटाखाली शनिवारपर्यंत डोळे हलवत बसलेले असतात.

तिच्याकडे बोट दाखवून लोक अजूनही नव्या माणसाला सांगतात, हीच ती, बॉयडचा कारखाना बुडवला ती. मी त्या कारखान्यात कटिंग मास्तर होतो. कारखाना गेला तशी माझीही नोकरी गेली, तेव्हा तिची बाजू घ्यायला मला काही कारण नाही. पण लोक सांगतात ती गोष्ट अर्धीच असते. उरलेली सांगायला माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे बरेच होते. त्यातले काही सिडनी-ऑकलंडला गेले, काही मातीत गेले.

सरकारने कर माफ केला त्या वर्षांत आमच्याकडे कपड्यांचे कारखाने उगवले. साखर कारखान्याच्या मागे, जिथे आधी उसाच्या वाघिणी दुरुस्त व्हायच्या त्या शेडमध्ये लेस्टर बॉयडने मशीनं टाकली. ऑस्ट्रेलियातल्या शाळांचे शर्ट शिवायचे. गळीत चालू असलं की धुराड्याची काजळी आत उडत यायची, म्हणून पांढरं कापड आम्ही जुन्या चादरींखाली झाकून ठेवायचो. बॉयड दिसायला गोरा, पण त्याची आजी फिजीअन. त्याची फिजीअन भाषा आम्हा हिंदुस्थानी लोकांपेक्षा कितीतरी चांगली. यांगोना, म्हणजे मुळांचं ते गुंगीचं पेय, पिताना पोकळ तळव्यांची टाळी कधी वाजवायची, कोणापुढून वाकून जायचं, सगळं त्याला ठाऊक. बाया म्हणायच्या, मालक आपलाच आहे. खाली बसायला लागला की चटई मागतो, खुर्ची नाही.

उनाइसी कॉलरवर होती. शर्टात कॉलरीइतकं नाठाळ काम नाही. टोकं बसली नाहीत तर सगळा शर्ट कुत्र्याच्या कानासारखा दिसतो. तिच्या कॉलरी मी कधी परत आलेल्या पाहिल्या नाहीत. अंगाने थोराड, बोलायची कमी, हसली की मात्र पलीकडच्या लाइनीतल्या बाया माना वर करायच्या. गाव मागच्या डोंगराकडचं, बसच्या वाटेवरचं. तिचे वडील अमिनिआसी तिथल्या चर्चमध्ये दानाचं ताट फिरवायचे. हा त्यांचा मोठा मान. लग्न तिने केलं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायची, कॉलर बसवायला आधी मान तरी सरळ पाहिजे, तसा एकही भेटला नाही.

पहिला संप झाला तो संडासच्या बिल्ल्यांवरून. प्रत्येक लाइनीला दोन पितळी बिल्ले असायचे. जायचं तर बिल्ला गळ्यात घालून जायचं आणि तो परत येईपर्यंत तिसरीने उठायचं नाही. बॉयडचं म्हणणं, बाया आत जाऊन गप्पा मारतात. एक दिवस शिवकुमारी नावाची आमची एक बाई, दिवस भरत आलेली, बिल्ल्याची वाट बघत बसली आणि तिला बसल्या जागी लघवी झाली. ती मशीनखाली वाकून रडत फरशी पुसायला लागली. सुपरवायझर बाजूला उभा होता. उनाइसी उठली, एकेका लाइनीवरून बिल्ले गोळा केले, ओच्यात घातले, आणि बॉयडच्या टेबलावर त्याच्या चहाच्या कपाशेजारी ओतले. परत येऊन मशीनचं बटण बंद केलं. तिच्यामागे सगळी मशीनं बंद झाली. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

बाया फाटकाबाहेर झाडाखाली बसल्या. एकीकडे चर्चची गाणी, एकीकडे आमच्या बायकांची फगुव्याची, होळीची. वासिती म्हणून एक फिजीअन बाई होती, तिखट तोंडाची. बॉयडची गाडी आत-बाहेर झाली की ती हात वर करून विचारायची, "साहेब, एक बिल्ला द्या ना, झाडामागे जायचंय." आणि हसण्याचा गलका उठायचा. आत माझ्या टेबलावर कापलेले शर्ट गठ्ठ्यांनी पडून. मेलबर्नचा व्यापारी फोनवर फोन करत होता.

मग बॉयडने बोलावणं पाठवलं. बिल्ले काढतो म्हणाला, बाकीचं बोलू, तोवर आजचा दिवस मशीनं चालू करा. बाया खुशीत आत आल्या. त्या संध्याकाळी फाटकावर झडती नेहमीपेक्षा कडक होती. झडती घेणारा रखवालदार पेनी, उनाइसीच्याच गावचा, नात्याने चुलत मामा लागणारा. त्याने तिच्या विणलेल्या पाटीत हात घातला आणि निळ्या चौकड्याचं कापड बाहेर काढलं. एखाददोन वार नव्हतं, चांगला मोठा तुकडा.

मी रांगेत मागे उभा होतो. उनाइसीने कापडाकडे पाहिलं, मग पेनीकडे. पेनीची नजर खाली. बॉयड पुढे आला. तो ओरडला नाही. अगदी वडीलधाऱ्यासारखा म्हणाला, "मी पोलिसांना बोलावणार नाही. तुझ्या वडिलांना मी मानतो. घरी जा, उद्यापासून येऊ नकोस."

पोलीस आले असते तर बरं झालं असतं. कोर्ट झालं असतं, कोणी दोन प्रश्न विचारले असते. माफ केल्यावर कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी बाया मान खाली घालून कामाला आल्या. बिल्ले पुन्हा खिळ्यावर लटकले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, संपाची पुढारी चोरीत सापडली म्हणून. बॉयडने ते कात्रण मेलबर्नला पाठवलं, असं ऑफिसातल्या मुलीने सांगितलं. बाकीच्या कारखानदारांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. संप म्हणजे काय, चार चोरट्या बाया, असं झालं. लौटोका पुन्हा भरवशाचं गाव ठरलं.

तिकडे तिच्या गावात रविवारी अमिनिआसी दानाचं ताट घ्यायला उठलेच नाहीत. पाद्र्याने हाक मारली तर म्हणाले, माझ्या घरात चोर आहे, माझ्या हातून देवाचं ताट नको. पुढे ते लेकीशी बोलले नाहीत. एकाच घरात राहून बोलले नाहीत. ती जेवण वाढायची, ते ताटली घ्यायचे, तिच्याकडे न बघता. असेच ते वारले. मयताला मुलीने चटई आणायची रीत असते. उनाइसीने स्वतः विणलेली चटई आणली. म्हाताऱ्या बायांनी ती बाजूला ठेवली, वर घातली नाही, आणि तिला सांगितलं, तू स्वयंपाकाकडे बघ. बाप दारातून गेला तेव्हा ती चुलीशी तारोचे कंद सोलत होती.

हे मला कळलं ते बऱ्याच उशिरा, पेनीकडून. दारू प्यायल्याबद्दल बॉयडने त्याला काढला, त्यानंतर तो बाजारात हमाली करायचा. उनाइसीने तेव्हा खेकडे विकायला सुरुवात केली होती. तिच्यापुढे उकिडवा बसून त्याने सगळं सांगितलं. कापड त्यानेच घातलं होतं. बॉयडने कपाटातून काढून हातात दिलं होतं, आणि म्हणाला होता, एवढं कर, तुझ्या पोराला पॅकिंगमध्ये घेतो. पोराला घेतलं नाही ते नाहीच.

"मी दात आणतो, उनाइसी," पेनी म्हणाला. "कुठूनही आणतो. मला मोकळं कर."

आमच्या फिजीत असंच असतं. फार मोठा गुन्हा झाला की गुन्हेगाराने देवमाशाचा दात घेऊन यायचं, त्याच्या वतीने एकाने गुन्हा बोलून दाखवायचा, दात पुढे धरायचा. समोरच्याने तो हातात घेतला की विषय पुरला गेला. पुन्हा उकरायचा नाही. त्याला म्हणतातच बुलुबुलु, पुरणं.

उनाइसी खेकडा बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "तुझा दात घेऊन मी काय करू? तू नुसता हात होतास. ज्याचं डोकं होतं त्याचा दात हवा. तोपर्यंत तोंड बंद ठेव. मी सांगेन तेव्हा उघड."

"तो कशाला येतोय तुझ्याकडे?"

"येईल," ती म्हणाली. "खेकडे बांधून मी शिकले, घाई करणाऱ्याचंच बोट जातं."

पण यांगोनाच्या कटोऱ्यापुढे पेनीचं तोंड कसलं बंद राहणार. गोष्ट हळूहळू बायांपर्यंत आली. त्यातच बॉयडने कॉलरीचा आणि कफांचा दिवसाचा आकडा वाढवला. मेलबर्नहून मोठी ऑर्डर येणार होती, त्यावर बँक नवीन शेडसाठी पैसे देणार होती. शेडचे लोखंडी खांब उभेही राहिले होते. बाया पुन्हा बाहेर झाडाखाली बसल्या. या वेळी मागणी आकड्याची होतीच, पण वासितीने पहिली मागणी वेगळीच सांगितली. आधी मालकाने उनाइसीपुढे दात ठेवायचा, मग बाकीचं.

त्याआधी बाया स्वतः बाजारात गेल्या होत्या. रीतीचा आहेर घेऊन, घासलेट, चटया, एक डुक्कर. वासितीने भर बाजारात गुडघे टेकले आणि म्हणाली, आम्ही तुला चोर मानलं. उनाइसीने तिला उठवलं. "तुम्ही घाबरला होता. डुक्कर मात्र ठेवून जा." सगळ्या हसल्या, रडल्या. बायांचं तिने तिथल्या तिथे सोडून दिलं.

आठवडे जायला लागले. मालक लोक संपापेक्षा संपाच्या बातमीला जास्त भितात, हे मी त्या दिवसांत पाहिलं. आमच्या फाटकाबाहेर शंभर-दीडशे बाया गाणी म्हणत होत्या, बस. पण दुसऱ्या एका कारखानदाराने आणलेली मशीनं खोक्यातच ठेवली. बँकेने शेडच्या पैशाला थांबा म्हणून सांगितलं, आणि खांबांवर गंज चढला. धक्क्यावरचा गाडीवाला म्हणाला, मास्तर, पेट्याच नाहीत तर मी वाहू काय. फाटकाजवळ रोटी-भाजी विकणारी म्हातारी एक दिवस आलीच नाही. मेलबर्नचा व्यापारी, हॅलम त्याचं नाव, त्याने कळवलं की मी स्वतः येऊन बघतो, गडबड मिटली असेल तर ऑर्डर, नाहीतर चीनचं दार उघडं आहे. बाकीचे कारखानदार बॉयडच्या घरी गेले. म्हणाले, तुझ्या एका बाईपायी सगळ्या गावाचं नाव जातंय, काय दात-बीत ठेवायचा तो ठेव.

बॉयड बाजारात गेला तेव्हा मला बरोबर नेलं. मी कोणाच्या अध्यात नसतो, म्हणून साक्षीला बरा.

"बसू का, उनाइसी?" त्याने फिजीअनमध्ये विचारलं.

"बसा की साहेब. खेकड्यांपासून जरा लांब. ते बांधलेले आहेत, तुमचं मला माहीत नाही."

आजूबाजूच्या भाजीवाल्या खुदकन हसल्या. बॉयडही हसला. त्याला वाटलं, हसते म्हणजे काम होणार. म्हणाला, आजीच्या घरातला दात आहे, जुना, तेल पिऊन लाल झालेला. असा दात आता कोणाकडे नाही. व्यापारी येईल त्या दिवशी शेडमध्येच चटया घालू, सगळ्या बायांना जेवण देऊ. व्यापाऱ्यालाही बसवू. त्याला दिसू दे आपल्याकडे भांडण कसं मिटतं ते.

"पाहुणा असू दे," उनाइसी म्हणाली. "तुमच्या बाजूने बोलणार कोण?"

"आजोळचा म्हातारा आहे एक."

"तो नको. पेनी बोलेल."

बॉयडने माझ्याकडे पाहिलं. मी खेकड्यांकडे.

"आणि कशाबद्दल, ते नाव घेऊन सांगायचं," ती म्हणाली. "काही चुकलंमाकलं असेल तर, असलं नाही चालणार. कापड कोणी ठेवलं, कोणी ठेवायला लावलं, सगळं. नाहीतर तुमचा दात तुमच्या कपाटात शोभून दिसतोय."

बॉयडने दोरीचा एक तुकडा उचलून बोटाला गुंडाळला. तो काय हिशेब करत होता ते मला नंतर कळलं. बायांना सगळं आधीच माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं तो हॅलम, आणि त्याला फिजीअनमधला 'बुला' हा नमस्कार सोडून एक अक्षर येत नव्हतं.

"फिजीअनमध्येच बोलेल ना पेनी?"

"मग काय जपानीत बोलणार?"

"आणि दात घेतलास की संपलं. वर्तमानपत्र, युनियन, कोर्ट, कोणाकडे एक शब्द नाही."

"दात माझ्या हातात आला की त्यानंतर माझ्या तोंडून त्याबद्दल शब्द निघणार नाही. बापाच्या मातीची शपथ."

बॉयड उठला तो हलका होऊन. रीत तो जाणत होता. फिजीअन माणूस दात घेऊन मग शब्द फिरवत नाही, आणि उनाइसी तर मुळीच नाही. त्याचं चुकलं असेल तर एवढंच, की रीत आपल्याला तिच्याइतकीच कळते असं तो धरून चालला.

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, इतक्या सहज कबूल झालीस? तिने दुसरा खेकडा उचलला. "मास्तर, तुम्ही कापायच्या आधी खडूची रेघ मारता ना? मी आता तेवढीच मारली."

त्या दिवशी शेडमधली मशीनं भिंतीकडे सरकवली होती. चटयांवर चटया. बाया फुलाफुलांचे कपडे घालून आलेल्या, आमच्या बायका साड्या नेसून. मागच्या अंगणात जमिनीखालच्या खड्ड्यात डुक्कर आणि कसाव्याचे कंद भाजत होते, त्याचा वास आत येत होता. हॅलम उन्हाने भाजलेला, शांत माणूस. बूट काढून मोजे घातलेल्या पायांची मांडी घालायचा प्रयत्न करत होता. बॉयडने त्याला सांगितलं होतं, ही इथली दिलजमाईची जुनी रीत आहे, मालक आणि कामगार एक होतात. हॅलमने कॅमेरा आणला होता.

बॉयड खाली मान घालून बसला, तसंच बसायचं असतं. त्याच्यापुढे पेनी, दोन्ही हातांत दात. इतका आखडलेला पेनी मी कधी पाहिला नव्हता. समोर उनाइसी, आणि तिच्यामागे सगळ्या बाया.

पेनीने सुरुवात केली ती परंपरेच्या लांबलचक शब्दांनी, मग एकदम साधं बोलायला लागला. "हा दात लेस्टर बॉयडकडून आहे. अमिनिआसीच्या लेकीपुढे आणलाय. हिच्या पाटीत कापड निघालं. ते हिने घेतलं नव्हतं. माझ्या या हातांनी मी ते ठेवलं. मला ते मालकाने दिलं आणि ठेवायला सांगितलं, संप मोडावा म्हणून. ही चोर नव्हती. मालकाला ते माहीत होतं, मला माहीत होतं. हिचा बाप ते न कळता मेला. त्यासाठी हा दात." आणि त्याने हात लांब करून दात पुढे धरला.

 बायांना माहीत असलेलीच गोष्ट, पण मालकाच्या दाताबरोबर ती शेडमध्ये उच्चारली गेली तेव्हा शिवकुमारीने पदर तोंडाला लावला. हॅलम हसतमुखाने सगळीकडे बघत होता. त्याने कॅमेरा उचलला.

आता उनाइसीने दात घ्यायचा. तिने हात मांडीवरच ठेवले. मान वळवून ती इंग्रजीत म्हणाली, "हॅलमसाहेब, हा काय बोलला ते तुम्हाला कळलं नसेल."

बॉयडची मान खालीच होती. ओठ न हलवता तो फिजीअनमध्ये म्हणाला, "दात घे, उनाइसी."

"घेते," ती त्याच भाषेत म्हणाली. "अजून घेतला नाही."

आणि तिने हॅलमला सांगितलं. तिचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, सावकाश, शब्द सुटा सुटा. पेनी जे बोलला तेच, त्यात एक अक्षर वाढवलं नाही. पेनी तोवर तसाच हात लांब करून दात धरून होता. शेवटी ती म्हणाली, "संपवाल्यांची पुढारी चोर निघाली, असं छापलेलं कात्रण तुम्हाला आलं होतं ना साहेब? ती मी."

हॅलमने कॅमेरा खाली ठेवला. "लेस्टर," तो म्हणाला, "हे खरं आहे?"

बॉयड काय बोलणार? नाही म्हटलं तर आजीचा दात सगळ्यांसमोर खोटा पडतो. असा दात पुढे धरून शब्द फिरवणारा माणूस या बेटावर कुठल्या चटईवर बसू शकत नाही. हो म्हटलं तर समोर हॅलम. त्याची मानगूट लाल झाली होती, तेवढीच मला दिसत होती. तो बोलला नाही. जितका वेळ तो गप्प होता तितका वेळ उनाइसी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मी खरं सांगतो, तिने घाई केली नाही. तेवढा वेळ तिचा होता. कितीतरी वर्षांनी मिळालेला.

मग तिने दोन्ही हात पुढे केले, दात घेतला, कपाळाशी नेला. रीतीप्रमाणे म्हणाली की मी हा घेतला, झालं ते पुरलं गेलं, तुमच्या घरादाराला आयुष्य मिळो. पोकळ टाळी वाजली, आधी तिची, मग सगळ्या बायांची, एका तालात.

हॅलम तिच्याजवळ येऊन आणखी काहीतरी विचारायला लागला, कधीचं, कोण कोण होतं. ती नम्रपणे म्हणाली, "माफ करा साहेब. आता मला त्यावर बोलता येत नाही."

तो जेवायला थांबला नाही. ऑर्डर आली नाही. त्याने कळवलं, असं ऑफिसातल्या मुलीकडून आम्हाला समजलं, की भांडणं सगळीकडे असतात, त्याचं मला काही नाही. पण जो माणूस स्वतःच्याच कारखान्यातल्या बाईच्या पाटीत कापड टाकतो आणि वर मला कात्रण पाठवतो, त्याने पाठवलेला कुठला कागद मी खरा मानू? बँकेनेही मग हात काढून घेतला. बाकीच्या कारखानदारांनी, ज्यांनी त्याला दात ठेवायला पाठवलं होतं त्यांनीच, बॉयडला ओळख दाखवणं कमी केलं. उसाचं गळीत संपायच्या आत मशीनं खोक्यांत गेली. शेडचे खांब पावसाने तांबूस होऊन उभेच राहिले, अजून आहेत, मुलं त्यांवर चेंडू मारतात.

बायांचे हाल झाले. काहींना दुसरीकडे काम मिळालं, पण दारातच विचारायचे, बॉयडच्या संपातली का, आणि हो म्हटलं की जागा भरलेली असायची. मी मिठाईच्या दुकानात वजनं करायला लागलो. वासिती एक दिवस बाजारात आली आणि उनाइसीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुझा सूड फिटला. आमच्या चुलीचं काय?"

"मला चोर म्हणाले तेव्हा माझ्या चुलीचं कोणी विचारलं होतं?"

"आम्ही आलो होतो ना चटया घेऊन? तू माफ केलं होतंस."

"केलं होतं. म्हणून तर तुला खेकडा देते," उनाइसी म्हणाली आणि एक बांधलेला खेकडा पुढे केला. "कारखाना कुठून देऊ?"

वासितीने खेकडा घेतला, एक शिवी दिली आणि गेली. पुढे किती दिवस ती बोलली नाही. पण खेकडा नेला होता.

मी एकदा उनाइसीला विचारलं, वाईट नाही वाटत? असलं विचारणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी दुकानात मालकाने मला चार लोकांत झापलं होतं. ती म्हणाली, "वाटतं की. तुमचं वाटतं, शिवकुमारीचं वाटतं. त्याचं नाही वाटत." मग म्हणाली, "दात घेऊन मी बाबांच्या मातीवर गेले होते. तिथे ठेवणार होते. नाही ठेवला, परत आणला. साहेबाचं पुरलं. बाबांचं राहिलं. मेलेल्या माणसाने दात कसा आणायचा, मास्तर?" हे ती चिडून बोलत होती की काय, मला नीट कळलं नाही. हातातली दोरी मात्र तिने इतकी ओढली की खेकड्याची नांगी कडकन मोडली. तिच्या हातून मोडलेली ती एकच मी पाहिली.

बॉयडने घर विकलं. आता धक्क्याजवळ भाड्याच्या गाळ्यात मोटारींचे जुने भाग विकतो. शनिवारी बाजारातून जातो, दुसरा रस्ता नाही. तो दिसला की उनाइसी बसल्या जागेवरून उठते. तिचे गुडघे गेलेत, उठायला त्रास होतो, तरी उठते. मोठ्याने, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "बुला, बॉयडसाहेब." रीतच तशी आहे. पुरल्यानंतर जुन्या माणसाशी आधीपेक्षा जास्त अदबीने वागायचं. भाजीवाल्या माना वर करून बघतात. त्याला थांबावं लागतं, उत्तर द्यावं लागतं.

मागे एकदा मी तिथेच होतो. तो थांबला, आणि गोणपाटाकडे बघत हळूच म्हणाला, "उनाइसी, तू मनापासून माफ केलंस का गं मला?"

ती खेकड्याची गाठ तपासत होती.

"सगळ्यांसमोर केलं साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला तसंच हवं होतं ना?"

आणि गोणपाटाखाली उरलेल्या दोनांतला मोठा खेकडा निवडून तिने त्याच्या पिशवीत टाकला.